निळा धूर दिसला की लगेच टर्बो बदलू नका, आधी ऑइलची परतीची वाट तपासा

इंदूरच्या पलासिया चौकात गाडी तीन-चार मिनिटं उभी राहते. सिग्नल हिरवा होतो, ॲक्सिलरेटरवर पाय पडतो आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा असा लोट निघतो की मागचा स्कूटरवाला तोंडावर रुमाल धरतो. पुढे रस्ता मोकळा मिळाला, चार-पाच किलोमीटर गाडी पळाली की धूर जवळजवळ नाहीसा. संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत पुन्हा तेच.

ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजात गेली की निदान बहुधा गाडीखाली न वाकताच होतं: टर्बो (एग्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा भाग) गेला. टर्बो बदलला जातो, हजारोंचं बिल होतं आणि पंधरा दिवसांत नवा टर्बोही तसाच धूर मारायला लागतो. मग तो ‘डुप्लिकेट’ निघाला अशी समजूत करून घेतली जाते. पण वर सांगितलेली लक्षणं असतील, तर टर्बोत गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) नीट उतरत नसण्याची शक्यता सर्वांत मोठी. ती वाट मोकळी केली नाही तर दहा टर्बो बदलूनही धूर थांबणार नाही. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा: फुकटातली तपासणी आधी, खर्चाची शेवटी.

मोरी तुंबली, उंबरा फुटला नाही

टर्बोला ऑइल मिळतं ते इंजिनाच्या पंपाच्या दाबाने. गरम इंजिनात आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) साधारण १ ते १.५ बार, रस्त्यावर ३-४ बार. येणारा पाईप बारीक असतो, आतलं भोक ३-४ मिलिमीटरचं. आत शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेत असतो, त्यामुळे बेअरिंगमधून बाहेर पडणारं ऑइल सरळ धारेचं राहत नाही. ते घुसळलेल्या ताकासारखं फेसाळ होतं आणि जास्त जागा मागतं. म्हणून परतीचा पाईप येणाऱ्या पाईपाच्या कितीतरी पट जाड, आतून १६ ते १९ मिलिमीटरचा लागतो. या पाईपावर कुठलाही पंप नाही. ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं.

आता सीलबद्दल. वॉल्व्ह सीलसारखं रबराचं सील टर्बोत असतं आणि ते ‘फाटतं’, असा बऱ्याच मिस्त्रींचाही समज आहे. टर्बोच्या शाफ्टवर दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारखी छोटी लोखंडी रिंग असते. ती ऑइल अडवणारा बंधारा नाही. तिचं मुख्य काम बाहेरचा वायू आत येऊ न देण्याचं. एका बाजूला एग्झॉस्टचा दाब, दुसऱ्या बाजूला बूस्टचा (दाबून भरलेल्या हवेचा) दाब आणि टर्बोच्या मधल्या बॉडीतली पोकळी बऱ्यापैकी रिकामी, एवढ्यावर ऑइल आत राहतं. पोकळी भरून ऑइल शाफ्टच्या पातळीला आलं की ते रिंगच्या फटीतून एकीकडे एग्झॉस्टमध्ये, दुसरीकडे इनटेकमध्ये जातं. मोरीची जाळी तुंबली की पाणी उंबऱ्यावरून घरात येतं, म्हणून कुणी उंबरा बदलत नाही.

पोकळी भरण्याची कारणं मोजकी आहेत. परतीचा पाईप आतून अरुंद झालेला असतो किंवा दबलेला असतो. चेंबरमध्ये ऑइल जास्त झालेलं असतं. क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या पोकळीत) दाब साचलेला असतो, म्हणजे खालून वर फुंकर बसते. किंवा वरून गरजेपेक्षा जास्त ऑइल येतं. याशिवाय एअर फिल्टर चोक झाला असेल, तर कंप्रेसरच्या (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या) चाकामागे निर्वात तयार होऊन चांगल्या टर्बोतूनही ऑइल ओढलं जातं. स्वस्तातल्या फिल्टरमुळे टर्बोवर आळ आलेला आहे, हे लक्षात असू द्या.

रंगापेक्षा वेळ जास्त बोलते

रंग पटकन सांगून टाकू. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी: बूस्टचा होज फाटलेला, ईजीआर (एग्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) उघडा अडकलेला, फिल्टर चोक. पांढरा आणि वास गोडसर असेल तर कूलंट जळतंय, आणि मग हेड गॅस्केट, पाण्याने थंड होणारा टर्बो असेल तर त्याची बॉडी, डिझेलमध्ये ईजीआर कूलर हे तपासायचं. पांढरा आणि डोळे चुरचुरवणारा म्हणजे न जळलेलं डिझेल, इंजेक्टरकडे बघा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गाडी सुरू केल्यावर येणारी आणि दोन-चार मिनिटांत विरणारी पांढरी वाफ म्हणजे नुसतं पाणी. तिच्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही.

निळ्या धुराच्या बाबतीत मात्र तो कधी येतो हे टिपून ठेवावं, आणि त्यासाठी इंदूरच्या आसपासचे रस्ते चांगले कामाला येतात. मागच्या गाडीत एक माणूस बसवा आणि धूर बघायचं काम त्यालाच द्या. आरशात रंग नीट कळत नाही.

पहिली फेरी शहरातली. इंजिन पूर्ण गरम करून गाडी १० मिनिटं आयडलला उभी ठेवा, मग हळू निघून हलकी रेस द्या. उभं राहण्याचा वेळ वाढवला की धुराचा लोटही वाढत असेल, तर परतीच्या वाटेवर संशय पक्का. आयडलला एग्झॉस्ट आणि बूस्ट दोन्हींचा दाब नगण्य असतो, ऑइलला बाहेरून थोपवणारं काही नसतं, म्हणून पोकळी भरलेली असली की ते याच वेळी ओघळतं आणि रेस दिल्यावर जळतं.

दुसरी फेरी बायपासवर. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये भार देऊन गाडी पळवा. जितका भार तितका धूर, आणि तो सतत, असं असेल तर पिस्टन रिंगा किंवा क्रँककेसच्या दाबाकडे वळावं.

तिसरी उतारावरची, आणि ती पेट्रोल गाड्यांसाठी. खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि उतार संपल्यावर पाय द्या. तेव्हा एकदम लोट निघाला तर वॉल्व्ह सील झिजलेले आहेत, कारण थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये निर्वात होऊन वरून ऑइल ओढलं जातं. डिझेल गाडीत असा निर्वात फारसा होत नाही, त्यामुळे तिथे या फेरीवर निकाल देऊ नये. एबी रोडवरच्या गणपती घाटात मात्र असले प्रयोग करू नका. तो उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे.

काम सुरू करण्याआधी एक धोका

डिझेल गाडीच्या इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) पाव-अर्धा लिटर ऑइल साचलेलं असेल आणि जोरात रेस दिली, तर इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढू लागतं. चावी बंद केली तरी ते थांबत नाही, आवाज चढत जातो आणि इंजिन फुटेपर्यंत फिरतं. म्हणून जास्त ऑइल खाणाऱ्या डिझेल गाडीला उभ्या जागी रेस देऊन धूर दाखवण्याचा हट्ट धरू नये. तरी तसं झालंच, तर मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. दुसरा उपाय हवेचं तोंड बंद करण्याचा: जाड लाकडी फळी दाबून धरा. हात किंवा कापड कधीही नाही, ते आत ओढलं जातं.

बाकी सामान साधं आहे: बॅटरी (टॉर्च), लिंट न सोडणारं कापड, १० ते १९ नंबरचे पाने, क्लॅम्प, दोन मीटर पारदर्शक नळी, मेकॅनिकचा छोटा आरसा, पत्र्याचा दोन लिटरचा डबा. काढलेलं प्रत्येक गॅस्केट आणि तांब्याचा वॉशर नवा लागेल, ते आधीच आणून ठेवा.

पातळी

सपाट जागेवर, गरम इंजिन बंद करून १० मिनिटांनी डिपस्टिक बघा. वरच्या खुणेच्या वर पातळी असेल, तर तेच कारण असू शकतं: काही इंजिनांत परतीचा पाईप चेंबरच्या पातळीच्या जेमतेम वर उतरतो, आणि अर्धा लिटर जास्त भरलं की त्याचं तोंड बुडतं. शिवाय क्रँक ऑइलला आपटून फेस करतो तो वेगळाच. ऑइल बदलताना ‘कॅन संपवून टाका’ म्हणणारे बरेच असतात. त्यांना थांबवा.

डीपीएफ (एग्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या डिझेल गाडीत पातळी आपोआपही वाढते. छोट्या फेऱ्यांमध्ये डीपीएफची साफसफाई अर्धवट राहते आणि त्यासाठी फवारलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा वास आणि पातळी वर, असं असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि तपासणी त्यानंतर पुढे न्या.

क्रँककेसचा दाब

गॅरेजात याची परीक्षा ऑइल भरायचं झाकण काढून होते: झाकण तोंडावर सैल ठेवायचं, ते उडालं तर ‘इंजिन फुंकतंय’. ही परीक्षा ढोबळ आहे. काही इंजिनांत टायमिंग चेनच्या वाऱ्यानेही झाकण नाचतं. त्यापेक्षा पारदर्शक नळीचा मापक घरी बनवा. नळीला यू आकार देऊन पुठ्ठ्यावर चिकटवा, दोन्ही बाजूंना २० सेंटीमीटरपर्यंत पाणी भरा, त्यात शाईचे दोन थेंब टाका. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं उघडं. यू बराच खाली लटकवा आणि इंजिनाकडच्या बाजूला किमान अर्धा मीटर नळी रिकामी राहू द्या, नाहीतर निर्वात जास्त असेल तेव्हा पाणी इंजिनात ओढलं जाईल. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक सेंटीमीटरमध्ये मोजा. १ सेंटीमीटर म्हणजे जवळपास १ मिलिबार.

धड पेट्रोल टर्बो इंजिन आयडलला पाणी थोडं स्वतःकडे ओढतं. डिझेलमध्ये पाणी शून्याच्या आसपास डोलतं, एखाद-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे. आयडललाच ८-१० सेंटीमीटर उलटा दाब दिसला तर थांबा, कारण मिळालं आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर अर्थातच तो धरावा.

दाब जास्त आहे, पण दोष कुणाचा, हे पुढच्या पाच मिनिटांत कळतं. ब्रीदरचा (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणाऱ्या वाटेचा) होज इनटेककडून सोडवून हवेत उघडा ठेवा आणि पुन्हा मोजा. दाब पडला तर ब्रीदर, त्याचा ऑइल सेपरेटर किंवा होज तुंबलेला आहे. दाब तसाच राहिला आणि होजातून धक्क्याधक्क्याने वाफ येत असेल तर रिंगांमधून गॅस खाली येतोय. मग कंप्रेशन किंवा लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून सुटते ते बघणं) करा. लीक-डाउनमध्ये ऑइलच्या झाकणातून हवेचा फूत्कार ऐकू आला की रिंगा. अशा इंजिनाला नवा टर्बो लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

रामबागेतून राजवाड्यापर्यंत आणि परत, एवढंच रोज चालणाऱ्या गाडीचा ब्रीदर पावसाळ्यात उघडून पाहा. इंजिन पूर्ण तापतच नाही, पाण्याची वाफ बाहेर पडत नाही, आणि होजात ताकावर तरंगणाऱ्या लोण्यासारखा पांढुरका-पिवळा थर बसतो. होज बाहेरून ठणठणीत दिसतो, आत मात्र पेन्सिलही जात नाही. केरोसिनने धुवून, पूर्ण वाळवून बसवा. बऱ्याच नव्या पेट्रोल इंजिनांत ब्रीदरचा पडदा वॉल्व्ह कव्हरमध्येच असतो. तो फाटला की उलटं होतं: निर्वात जास्त, शिट्टीसारखा आवाज, आयडलला ऑइलचं झाकण निघता निघत नाही आणि ऑइल थेट इनटेकमध्ये ओढलं जातं. तिथे बहुतेकदा पूर्ण कव्हरच बदलावं लागतं.

ऑइल नेमकं कुठून सुरू होतं

आता होज उघडायचे. या टप्प्यावर घाई करून चालणार नाही, कारण अख्खं निदान ओल्या-कोरड्या जागांवर उभं आहे.

इनटेककडून सुरुवात करा. टर्बोत हवा नेणारा होज आणि टर्बोतून इंटरकूलरकडे जाणारा होज, दोन्ही काढा. दोन्हींत ऑइलचा पातळ थर असेल तर घाबरू नका, ब्रीदरची वाफ त्याच वाटेने जाते. आत जाणाऱ्या होजातच ऑइल साचलेलं असेल तर ते टर्बोचं नाही, ते टर्बोच्या आधीच आलंय, ब्रीदरकडे परत जा. आत जाणारा होज कोरडा आणि बाहेर जाणारा ओला असेल, तर ऑइल टर्बोतूनच येतंय. इंटरकूलरही उतरवून उलटा धरा. चमचा-दोन चमचे निघालं तर ठीक, वाटी भरली तर ठीक नाही.

एग्झॉस्टच्या बाजूलाही हाच न्याय. टर्बोच्या मागचा पाईप काढून टर्बाइनच्या (एग्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) तोंडात बॅटरी मारा, आणि टर्बोच्या आधीचा मॅनिफोल्डही (सिलिंडरांतला धूर टर्बोकडे नेणारा भाग) पाहा. मॅनिफोल्ड ओला, काजळी तेलकट, तर ऑइल इंजिनाच्या सिलिंडरमध्येच जळतंय: रिंगा किंवा वॉल्व्ह सील. मॅनिफोल्ड राखाडी-कोरडा आणि टर्बाइनचं तोंड काळं, ओलं, चमकतं, तर गळती टर्बोत. एक सिलिंडर ओला आणि बाकीचे कोरडे दिसले तर तेही टिपून ठेवा, हेड उघडताना उपयोगी पडेल.

इथे शाफ्ट तपासून घ्या. इंजिन थंड असताना कंप्रेसरच्या चाकाचा नट दोन बोटांत धरा. वर-खाली थोडीशी हालचाल असणारच, कारण साध्या बेअरिंगचा शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो आणि बंद इंजिनात तो थर नसतो. ती हालचाल बघून टर्बो बाद करणारे खूप आहेत, आणि ते चुकतात. चाक बाजूला दाबून फिरवा: पाती घराला घासली, घरावर चकचकीत ओरखडा दिसला, तरच बेअरिंग झिजलंय. पुढे-मागे मात्र बोटांना काहीही जाणवता कामा नये. ही हालचाल साधारण ०.१ मिलिमीटरच्या आतली असते, डायल गेजशिवाय मोजता येत नाही. ‘टक-टक’ असं हाताला लागलं तर थ्रस्ट बेअरिंग गेलं, आणि टर्बो खरंच बदलायचा.

परतीचा पाईप

टर्बोच्या बुडाला दोन बोल्टची चापट फ्लँज, खाली इंजिन ब्लॉकपर्यंत पाईप. जागा अडचणीची, एग्झॉस्टला लागून, आणि म्हणूनच सर्व्हिसमध्ये कुणी इथे हात घालत नाही. इंजिन थंड करून पाईप उतरवा आणि आरसा-बॅटरी लावून तीन जागा बघा.

आधी फ्लँज. पूर्वी कुणी हे गॅस्केट सिलिकॉन पेस्ट लावून बसवलं असेल, तर बोल्ट आवळताना जास्तीची पेस्ट आतल्या बाजूला दबून भोकाच्या कडेने रबराची झालर तयार होते. बाहेरून दिसते ती सुबक, सरळ, काळी रेघ. आत १६ मिलिमीटरचं भोक १० वर आलेलं. पुढे गरम ऑइलने झालरीचा एखादा तुकडा सुटतो आणि चेंबरमध्ये जाऊन पंपाच्या जाळीवर बसतो, तेव्हा अख्ख्या इंजिनाचं ऑइल कमी पडतं. या जागी सिलिकॉन लावायचं नाही. कंपनीचं गॅस्केट, कोरडं, आणि त्याचं भोक पाईपाच्या भोकाशी तंतोतंत जुळतंय का हे हाताने धरून बघायचं. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये दोन-तीन आकारांची गॅस्केटं एकत्र येतात, चुकीचं बसलं की अर्धं भोक झाकतं.

मग पाईपाचं अंग. आत काळा, ठिसूळ, कोळशासारखा थर दिसेल तो जळालेल्या ऑइलचा. लांबचा प्रवास करून आल्या आल्या इंजिन बंद करण्याच्या सवयीने आणि ऑइल बदलायला उशीर केल्याने तो वाढतो. सरळ लोखंडी पाईप रात्रभर डिझेलमध्ये बुडवून, ब्रशने घासून साफ होतो. लहरी-लहरींचा लवचिक पाईप साफ करत बसू नका, त्याच्या वळ्यांमध्ये थर राहतोच आणि नंतर सुटून खाली जातो. तो नवाच घ्यावा. खालचा भाग रबरी होजाचा असेल तर तो दाबून बघा. ऑइलने फुगलेल्या होजाचा आतला पदर सुटून झडपेसारखा लोंबतो, बाहेरून पत्ता लागत नाही. पाण्याचा रेडिएटर होज कापून इथे लावण्याचा जुगाड हमखास याच दशेला येतो.

शेवटी ब्लॉकचं तोंड. गाळ असेल तर हाताने बाहेर ओढा, आत ढकलू नका. साफ झाल्यावर २०० मिलिलिटर कोमट इंजिन ऑइल फनेलने त्या तोंडात ओता. ते वाट न बघता गडप व्हायला हवं. फनेलमध्ये चढलं तर पुढे ब्लॉकमध्ये अडथळा आहे. ओतलेलं ऑइल नंतर पातळी बघताना धरायला विसरू नका.

टर्बो कधीतरी दुरुस्त होऊन आला असेल तर मधली बॉडी नीट फिरवून बसवली आहे का तेही पाहा. परतीचं तोंड सरळ खाली, फार तर ३५ अंशांपर्यंत कललेलं असावं. त्याहून जास्त कललं की पोकळी कायम अर्धी भरलेली राहते. पाईपाने पूर्ण वाटेत फक्त खाली जायचं, मध्ये कुठेही पोटासारखं खोलगट वळण नको.

डब्याची परीक्षा

सगळं बघूनही खात्री होत नसेल तर ही परीक्षा निकाल लावते. टर्बोच्या फ्लँजला उष्णता सोसणारा, तेवढ्याच जाडीचा होज जोडून तो सरळ खाली पत्र्याच्या डब्यात सोडा. ब्लॉकचं तोंड बुचाने बंद करा. टर्बाइनचं आणि कंप्रेसरचं तोंड कापडाने कोरडं पुसून सगळं परत जोडा. इंजिन सुरू करून फक्त आयडलला, एका मिनिटापेक्षा कमी. नजर डब्यावर ठेवा, कारण तेवढं ऑइल इंजिनातून कमी होतंय. प्लॅस्टिकची बाटली वापरू नका, गरम ऑइलने ती मऊ पडते.

बंद करून दोन्ही तोंडं पुन्हा उघडा. कोरडी राहिली असतील तर टर्बो निर्दोष, दोष खालच्या वाटेत किंवा क्रँककेसच्या दाबात. ओली झाली, म्हणजे मोकळी वाट मिळूनही ऑइल बाहेर आलं, तर टर्बो दोषी, किंवा त्याला येणारं ऑइलच जास्त आहे. येणाऱ्या पाईपाच्या बँजो बोल्टमध्ये (ऑइल ज्याच्यातून जातं त्या पोकळ बोल्टमध्ये) काही गाड्यांत मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं. तो हरवून मोठ्या भोकाचा साधा बोल्ट लावला असेल तर असंच होतं. बॉल बेअरिंगच्या टर्बोत तर हे भोक १ मिलिमीटरच्या आसपास असतं. डबा लावलेला असतानाच क्रँककेसचा दाबही मोजला तर आणखी एक गोष्ट कळते: आधी जास्त असलेला दाब आता झपकन पडला, तर एग्झॉस्टचा गॅस टर्बोतून खाली उतरत होता. अशा वेळी पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ तुंबलाय का हेही बघा.

नवा टर्बो बसवावाच लागला तर

येणारा पाईप साफ करून परत लावू नका, नवा घ्या. आतला जळका थर सुटला की नव्या बेअरिंगमध्ये जातो. बँजो बोल्टची जाळी तपासा, दोन्ही तांब्याचे वॉशर नवे. इंटरकूलर आणि होज धुवून पूर्ण वाळवा, कारण जुन्या टर्बोच्या पात्यांचे तुकडे आणि ऑइल दोन्ही तिथे बसलेले असतात. ऑइल आणि फिल्टर बदला, ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच. टर्बोच्या वरच्या भोकात स्वच्छ ऑइल हळूहळू सोडत चाक हाताने फिरवा. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून १०-१० सेकंदांचे स्टार्टर मारा, परतीच्या तोंडातून ऑइल दिसेपर्यंत. त्यानंतर पाईप जोडून इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं रेस अजिबात देऊ नका.

दुरुस्तीनंतरही धूर दिसेल. सायलेन्सरमध्ये मुरलेलं ऑइल जळून जायला २०-३० किलोमीटरचा मोकळा रस्ता लागतो. दारातच आयडलला उभं करून ‘काम झालंच नाही’ असं ठरवू नका, देवासपर्यंत एक फेरी मारून या.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरावर विसंबता येत नाही. डीपीएफ तो गिळून टाकतो आणि ऑइलची राख आत कायमची साचवतो, जी साफसफाईच्या फेरीत जळत नाही. तिथे मुख्य भरवसा डिपस्टिकवर. दर ५०० किलोमीटरला त्याच सपाट जागी, त्याच पद्धतीने पातळी टिपा. १००० किलोमीटरला ३००-४०० मिलिलिटरपेक्षा जास्त ऑइल जात असेल, डीपीएफची साफसफाई पूर्वीपेक्षा लवकर-लवकर होत असेल, तर सायलेन्सर कितीही स्वच्छ दिसला तरी ब्रीदरचा होज आणि परतीचा पाईप उघडून बघा. दुरुस्त केलेल्या गाडीतही पहिल्या ५०० किलोमीटरनंतर परतीच्या फ्लँजचे दोन्ही बोल्ट थंड इंजिनावर एकदा पान्याने तपासून घ्या, नवं गॅस्केट बसल्यावर ते किंचित सैल पडतात.